भिंतीची ओल आणि घरमालकाचे कर्तव्य



पावसाळ्याचे चार महिने आले की आपल्या वस्तीतल्या घरांत भांडी कमी पडू लागतात. निम्मी शेगडीवर आणि निम्मी गळतीखाली! गळणारे छप्पर निदान डोळ्यांना दिसते, टपटप आवाज करते. पण भिंतीतून मुकाट्याने पसरणारी ओल कोणाला दिसत नाही, आणि दिसली तरी तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आज या सदरात तिच्याविषयीच बोलायचे आहे.

मागच्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका जुन्या चाळीत, ओळखीच्या एका ताईंकडे गेले होते. दहा बाय बाराची पागडीची खोली. सासऱ्यांच्या काळापासून भाडे चालू. खोली कशी आरशासारखी लख्ख. फक्त एका भिंतीवर तीन कॅलेंडरे एकाला एक लागून टांगलेली. मी सहज विचारले, "ताई, एवढी कॅलेंडरं कशाला?" ताई काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी मधले कॅलेंडर बाजूला केले. मागे तव्याएवढा काळा डाग, त्यावर मखमलीसारखी बुरशी, आणि खाली निखळलेला गिलावा. "पाव्हण्यांना दिसू नये म्हणून," त्या म्हणाल्या. त्याच भिंतीला डोके लावून त्यांचा चार वर्षांचा नातू झोपला होता. छातीत घरघर चालली होती. डॉक्टरांनी त्याला श्वासाचा पंप दिला होता.

"घरमालकाला सांगितलं नाही का?" मी विचारले.

"चार वर्षं सांगतेय. भाडं न्यायला त्याचा माणूस येतो, तो म्हणतो, तुम्ही मोरीत धबाधबा पाणी ओतता, कपडे घरातच वाळत घालता, मग ओल येणार नाही तर काय? खोली नीट वापरायला शिका." आणि मग आवाज खाली आणून ताई म्हणाल्या, "मला पण वाटतं, आपलंच काहीतरी चुकत असेल."

भगिनींनो, ताईंचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. भिंत दुसऱ्याची, दुरुस्ती दुसऱ्याने करायची, आणि अपराधी कोण? तर भाडे भरणारी बाई! ही तऱ्हा केवळ आपल्याकडची आहे असे मात्र समजू नका.

सातासमुद्रापलीकडची तीच गोष्ट

इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे सुदानहून आलेले एक कुटुंब एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात राहत होते. घरात बुरशी धरली होती. वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली. उत्तर मिळाले की वरून रंग मारा. रंग मारला, बुरशी पुन्हा आली. पुढे त्यांना मुलगा झाला, अवाब त्याचे नाव. तो सारखा सर्दी-खोकल्याने आजारी पडू लागला. २०२० मध्ये आरोग्यसेविकेनेही गृहसंस्थेला कळवले. गृहसंस्थेच्या लोकांनी काय ठरवले? या कुटुंबाची राहणी आणि बादलीने पाणी घेऊन अंघोळ करण्याची पद्धत यांमुळे ओल येते!

वाचकहो, बादलीने अंघोळ! आपल्यापैकी कितीजण शॉवरखाली अंघोळ करतात?

डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला. नुकताच दोन वर्षांचा झाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायचौकशीचा निकाल आला. घरातल्या बुरशीच्या संपर्कात दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनाच्या गंभीर विकाराने मूल दगावले, असे त्यात स्पष्ट नोंदले गेले. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. राहणीमानाबद्दल आपण चुकीचा समज करून घेतला, हे त्या गृहसंस्थेला कबूल करावे लागले. आईवडिलांनी नेट धरला आणि २०२३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. तिथे लोक त्याला 'अवाबचा कायदा' म्हणूनच ओळखतात. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो सामाजिक गृहसंस्थांच्या घरांना लागू झाला आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत उपाय झाला पाहिजे. ओल-बुरशी आरोग्याला घातक ठरेल अशी असेल तर तक्रारीपासून कामाच्या १० दिवसांत तपासणी आणि तपासणीनंतर कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित केले पाहिजे. ते जमत नसेल तर भाडेकरूची दुसरीकडे राहण्याची सोय संस्थेने करायची. खासगी घरमालकांनाही हे नियम लागू करण्याची तरतूद तिथे २०२५ च्या दुसऱ्या एका कायद्यात केलेली आहे.

आपल्या राज्यात ओलीसाठी असे दिवस मोजून देणारा स्वतंत्र कायदा नाही. पण म्हणून आपण अगदीच उघड्यावर आहोत असेही नाही. आपल्या कायद्यात घरमालकाचे कर्तव्य लिहिलेले आहे. ते काय, हे सांगण्याआधी एक काम करू. ओल येते कुठून ते ओळखू. कारण "तुमच्यामुळेच ओल येते" या आरोपाला उत्तर द्यायचे तर आपल्याजवळ पुरावा हवा.

ओल येते कुठून?

ओलीचे मुख्य चार प्रकार. पहिली, बाहेरून भिंतीत मुरणारी. भिंतीला भेगा, फुटलेला पावसाच्या पाण्याचा पाइप, भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप, ही तिची कारणे. ही पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात सुकते.

दुसरी, वरच्या मजल्यावरची. वरची मोरी, संडास, नळाचा पाइप गळत असेल तर छताला पिवळसर कडेचे डाग पडतात. ही मे महिन्यातही ओलीच राहते. ऐन उन्हाळ्यात भिंत ओली म्हणजे पाणी पावसाचे नाही, पाइपाचे आहे.

तिसरी, जमिनीतून चढणारी. तळमजल्याच्या खोल्यांत भिंत गुडघ्या-कमरेपर्यंत ओली आणि वर कोरडी. पोपडे निघतात, मिठासारखी पांढरी पूड सुटते, त्याला लोणा लागला असे म्हणतात. जोत्यात ओल अडवणारा थर नसला किंवा तो खराब झाला की असे होते.

चौथी, घरातल्या वाफेची. स्वयंपाक, अंघोळ, ओले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर बसते. कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके धरतात. ही मात्र आपल्या वापराशी थोडी जोडलेली आहे. पण तिथेही एक प्रश्न विचारायचा. वाफ बाहेर जायला खिडकी कुठे आहे? एका खोलीत सहा माणसे, वारा यायला एकच दार, गॅलरी पावसाने भिजलेली. कपडे वाळवायचे तरी कुठे?

चौथी ओल की बाकीच्या तिन्हींपैकी एखादी, हे ओळखायला घरगुती युक्ती आहे. डब्यात पोळ्या गुंडाळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा कागद वीतभर घ्या. भिंतीचा तो भाग वरवर पुसून कोरडा करा, कागद त्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला दव धरले तर ओल हवेतली. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतूनच येते आहे. ताईंच्या घरी आम्ही हाच प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी कागद काढला तर आतली बाजू ओलीचिंब, बाहेरची कोरडी ठणठणीत! मग मागच्या गल्लीत जाऊन वर पाहिले. गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप बरोबर त्या भिंतीशी फुटलेला, आणि फटीत हातभर पिंपळ. ताईंच्या मोरीचा त्या ओलीशी काडीचा संबंध नव्हता.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम १४ प्रत्येक भाडेकरूने लक्षात ठेवावे. भाडेकरूने लेखी वा अन्य करारात उलट काही कबूल केलेले नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे, असे हे कलम सांगते. 'बंधनकारक' हा शब्द पुन्हा वाचा. त्याने दुरुस्ती केली तर ती मेहरबानी होत नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही ही तरतूद होतीच.

घरमालकाने टाळाटाळ केली तर? भाडेकरूने त्याला नोटीस द्यायची. एकट्याने किंवा सर्वांनी मिळून, पोस्टाने किंवा अन्य मार्गाने. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. खर्चाचा हिशेब आणि पावत्या मात्र नीट ठेवल्या पाहिजेत. त्या ठेवल्या तर तो हिशेब घरमालकावर बंधनकारक ठरतो.

इथे एक मर्यादा आहे, आणि ती माहीत नसल्याने पुष्कळांची फसगत होते. कोणत्याही एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. समजा, जुन्या पागडीच्या खोलीचे भाडे महिना २०० रुपये आहे. वर्षाचे झाले २,४०० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरी तरी निघेल का? म्हणूनच एकट्याने लढू नये. पाइप एका खोलीचा नसतो, गच्ची एका बिऱ्हाडाची नसते. दहा खोल्यांनी मिळून नोटीस दिली तर तीच रक्कम ६,००० होते. जो तो आपापल्या भाड्याच्या प्रमाणात वाटा उचलतो. फुटका पाइप बदलायला, पिंपळ मुळासकट काढायला आणि भेग बुजवायला एवढा आधार बरा आहे.

शिवाय नोटिशीचा खरा उपयोग पैशांपुरता नाही. चार वर्षे तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. एका कागदाची पोच मात्र राहते. उद्या प्रकरण कोर्टात गेले, भिंत कोसळली, कोणाला इजा झाली, तर "मला कोणी सांगितलेच नव्हते" असे घरमालकाला म्हणता येत नाही.

तुमचा घरमालक कोण?

कलम १४ सगळ्यांना सारखे लागू होत नाही. म्हणून आधी आपला घरमालक कोण ते पाहा.

शासनाच्या किंवा महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तिथे घरमालक खुद्द शासन. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी, ज्यांपैकी परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आपला संसार केला, त्या पुढे महापालिकेकडे आल्या. अशा ठिकाणी अर्ज संबंधित खात्याकडे करायचा. बीडीडीत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पालिकेच्या चाळीत वॉर्ड ऑफिसात, संक्रमण शिबिरात म्हाडाकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. महिना-दीड महिना काहीच हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली (कायदा २००५ चा) दहा रुपये शुल्क भरून विचारा की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उत्तर द्यायचे म्हटले की फाईल शोधावी लागते, आणि फाईल उघडली की पुष्कळदा कामही हलते.

मुंबई शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या जुन्या भाड्याच्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त आहेत. म्हणजे त्यांच्यावर दुरुस्ती उपकर बसतो आणि म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ त्यांच्या संरचनात्मक दुरुस्त्या करते. इथे नेहमीचा खेळ असा की घरमालक मंडळाकडे बोट दाखवतो आणि मंडळ म्हणते अर्ज कुठे आहे? म्हणून कागद दोन्हीकडे द्या. नोटीस घरमालकाला, अर्ज मंडळाला.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या तरुण कुटुंबांनी विशेष सावध असावे. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू होत नाहीत. त्यांचे हक्क करारात जे लिहिले असेल त्यावर अवलंबून. म्हणून सही करण्यापूर्वी एक ओळ लिहून घ्या की गळती, ओल, पाइप व भिंतींची दुरुस्ती मालकाने स्वखर्चाने करावी. सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. त्याने करार नोंदवला नाही आणि पुढे अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर मालकाने सोसायटीला पत्र द्यावे, असा आग्रह धरा.

झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्यांची स्थिती सर्वांत कठीण. हाती कागदच नसतो. त्यांनी निदान भाडे ऑनलाइन देऊन त्याची नोंद ठेवावी, आणि वरच्या माळ्यावरून सांडपाणी झिरपत असेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाकडे उपद्रवाची तक्रार करावी. ही तक्रार कोणालाही करता येते.

आणखी एक. भिंतीची ओल आत लोखंडापर्यंत पोहोचली की सळई गंजते, गंजून फुगते आणि सिमेंटचे ढलपे पडू लागतात. जुन्या चाळीत लाकडी तुळया कुजतात. सळई उघडी पडली असेल, तुळई वाकली असेल तर पंधरा दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या इमारत विभागाला लेखी कळवा. धोकादायक इमारतीबाबत मालकाला नोटीस काढण्याचा अधिकार मुंबई महापालिकेला १८८८ च्या कायद्याच्या कलम ३५४ ने दिलेला आहे.

"तोंड उघडलं तर खोली जाईल"

नोटीस काढू म्हटल्यावर ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. ही भीती खोटी नाही. आपल्यापैकी किती कुटुंबांनी आडनाव विचारून नाकारलेल्या खोल्यांची मोजदाद केली असेल! मुश्किलीने मिळालेले छप्पर ओलीपायी कोण घालवील? पण कायदा नीट समजून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूला बाहेर काढायला ठराविक कारणे लागतात आणि कोर्टाचा हुकूम लागतो. दुरुस्तीची मागणी केली हे त्या कारणांत बसत नाही. तक्रारीचा राग धरून पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडणे यालाही कलम २९ ने मनाई आहे.

मात्र आपण होऊन मालकाच्या हाती कोलीत देऊ नका. रागाच्या भरात भाडे बंद करू नका. ही सर्वांत मोठी चूक. भाडे भरणाऱ्याच्या किंवा भरायला तयार असणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा आहे, थकवणाऱ्याच्या नाही. मालक भाडे घेईना तर मनीऑर्डरने पाठवा आणि पावती जपा. पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या नावाखाली नवी भिंत, नवा पोटमाळा बांधू नका. लेखी परवानगीशिवाय केलेले पक्के बांधकाम हे खोली जाण्याचे कारण ठरू शकते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्री अर्जदार असेल तर उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचे लाभ मिळतात, तेव्हा हा हक्क आपलाच आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. भाड्याचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. पण बहुतेक प्रकरणांत तिथवर जावे लागत नाही. एक नीट लिहिलेली नोटीस पुरते.

नोटिशीचा नमुना

"प्रति, श्री. ………, घरमालक. विषय : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४ अन्वये दुरुस्तीची नोटीस. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे आपल्या ……… इमारतीतील खोली क्र. ……… चे भाडेकरू असून भाडे ……… महिन्यापर्यंत भरलेले आहे. सदर खोल्यांच्या ……… बाजूच्या भिंतीतून ……… पासून पाणी झिरपत आहे. त्यामुळे भिंतींना ओल व बुरशी आली असून गिलावा निखळत आहे आणि लहान मुले व वृद्ध यांच्या प्रकृतीवर परिणाम होत आहे. याबाबत ……… रोजी आपणांस तोंडी कळविले होते. तरी ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पाण्याचे मूळ कारण दूर करून भिंतींची दुरुस्ती करून द्यावी. तसे न केल्यास कलम १४ प्रमाणे आम्ही दुरुस्ती करून घेऊन त्याचा खर्च कायद्याच्या मर्यादेत भाड्यातून वळता करू. कळावे. सोबत : फोटो."

'पाण्याचे मूळ कारण' हे शब्द गाळू नका. नाहीतर मालक आतून रंगाचा हात मारून मोकळा होतो. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. मोबाइलवर काढलेले तारखेचे फोटो, मुलाचे दवाखान्याचे कागद, भाड्याच्या पावत्या सगळे एका पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. ओल्या भिंतीच्या कपाटात नको!

दुरुस्ती होईपर्यंत

ओलीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा, श्वासाचे विकार यांचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितले आहे. तान्ही मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा जास्त त्रास. तेव्हा आधी झोपण्याची जागा बदला. मुलाचे डोके बुरशीच्या भिंतीपासून दूर ठेवा. कपाट, गाद्यांची चळत भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, म्हणजे मागे वारा खेळेल.

बुरशी कोरड्या झाडूने किंवा ब्रशने झाडू नका. तिचे कण उडून श्वासात जातात. नाकातोंडाला रुमाल बांधा, मुलांना बाहेर पाठवा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून ते फडके फेकून द्या. ब्लीच वापरले तर दारे-खिडक्या उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. भिंत सुकल्यावर चुन्याचा हात द्या. चुन्यावर बुरशी लवकर धरत नाही. ओल्या भिंतीवर महागडा तेलरंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. पाणी आत कोंडते आणि चार महिन्यांत पोपडे निघतात. भिंतीला शॉक लागतो असे वाटले तर मेन स्वीच बंद करून वायरमनला बोलवा. आणि मुलाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना नुसते "खोकला आहे" एवढेच सांगू नका. "घरात ओल-बुरशी आहे" हेही सांगा आणि केसपेपरवर लिहायला सांगा.

ताईंच्या मजल्यावरच्या सात बिऱ्हाडांनी नोटिशीवर सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत. त्यांची भीती अजून गेलेली नाही, त्यांना दोष देऊ नये. बाराव्या दिवशी घरमालकाचा तोच माणूस गवंडी घेऊन आला. पाइप बदलला, पिंपळ काढला. आतल्या भिंतीचा गिलावा मात्र अजून बाकी आहे. त्यासाठी दुसरी नोटीस तयार होते आहे. ती यावेळी ताईंच्या मुलीने लिहिली आहे आणि आधीच्या दोघांपैकी एकाने तिच्यावर सही केली आहे. भिंत सुकायला वेळ लागेल. नातू आता समोरच्या भिंतीशी झोपतो.

वाचकहो, तुमच्या घरातले ते कॅलेंडर आजच बाजूला करा. मागे जे काही असेल त्याचा फोटो काढा आणि शेजारच्या वहिनींना विचारा, "तुमच्याकडं पण आहे का हो?" नोटिशीची सुरुवात तिथूनच होते.